जीव वाचविणाऱ्यांचा इतिहास



इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात लढायांच्या आणि तहांच्या सनावळ्या भरपूर असतात. कोणत्या लढाईत किती माणसे पडली हेही त्यात सापडते. परंतु मरणाच्या वाटेवरून माणसे कोणी परत आणली, याची नोंद क्वचितच मिळते. जीवनाला विटून प्राण देण्यास निघालेल्या माणसाला थांबविणाऱ्यांची हकीकत तर बहुधा लिहिलीच जात नाही. जो वाचतो तो लाजेने बोलत नाही, आणि जो वाचवितो तो त्याची अब्रू राखण्यासाठी बोलत नाही. म्हणून या कार्याला इतिहास आहे हेच आपण विसरून जातो. तो आहे, आणि त्याचे एक मोठे पान आपल्या महाराष्ट्रात लिहिले गेले आहे. ते आपण आज वाचावयाचे आहे.

एक कायदा आणि एक घर

१८६० साली तयार झालेला भारतीय दंड संहितेचा कायदा १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्यातील ३०९ वे कलम आत्महत्येच्या प्रयत्नाविषयी होते. असा प्रयत्न करून जो वाचेल त्याला एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा सांगितली होती. म्हणजे दुःखाने पिचलेला माणूस वाचला, तर त्याच्या पुढ्यात प्रथम पोलीस आणि मग न्यायाधीश उभा राही. त्याचे दुःख काय होते, हे विचारण्याची तरतूद त्या कलमात नव्हती.

त्यानंतर लवकरच, १८६३ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एक निराळी सोय केली. त्या काळी उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाह कायद्याने मोकळा होता, पण समाजाने बंद ठेवला होता. अशी एखादी तरुण विधवा फसविली गेली आणि तिला दिवस गेले, म्हणजे तिच्यापुढे दोनच वाटा राहत: जन्मणाऱ्या बाळाचा जीव घेणे किंवा स्वतःचा देणे. त्याच सुमारास जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या एका विधवेवर असाच प्रसंग ओढवला. बालहत्येबद्दल तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला फसविणारा पुरुष मात्र मोकळा राहिला.

जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. नुसते उघडून ते थांबले नाहीत. ज्या वस्तीतील स्त्रियांना त्याची गरज होती, त्या वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर त्यांनी जाहिराती लावल्या. येथे या, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल बरोबर न्यावे की येथे ठेवावे हे तुमचे तुम्ही ठरवा, असा त्यांचा आशय होता. पुढे १८८४ साली जोतीरावांनी लिहिलेल्या निवेदनात तोवर ३५ स्त्रिया या घरी येऊन बाळंत झाल्याचे नमूद आहे. त्यांची बाळंतपणे आणि बाळांची देखभाल सावित्रीबाईंनी केली. १८७५ साली पंढरपूर येथेही लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले.

वाचकहो, त्या जाहिरातीतील एक गोष्ट ध्यानात घ्या. आलेल्या स्त्रीकडून तिच्या वागण्याचा जबाब मागितला जात नव्हता. आधी आसरा, बाकी सारे मागाहून, असा तो क्रम होता.

जोतीरावांचे चरित्रकार अशीच आणखी एक घटना सांगतात. १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाची एक गरोदर विधवा प्राण देण्याच्या विचारात असताना जोतीरावांनी तिला परावृत्त करून घरी आणले. तिला मुलगा झाला. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच सेवेत सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. एका स्त्रीला त्या दिवशी कोणी थांबविले नसते, तर तेवीस वर्षांनंतर पुण्याच्या रोग्यांजवळ हा डॉक्टर उभा नसता. एक जीव वाचला म्हणजे किती जीव वाचतात, याचा हिशेब त्या वेळी कोणालाच मांडता येत नाही.

चहा करणाऱ्यांचे काम

आता थोडे परदेशात जाऊ, कारण ऐकून घेण्याच्या या कामाला तेथे एक नवे साधन मिळाले. १९५३ साली लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे धर्मगुरू चॅड वराह यांनी निराश माणसांसाठी टेलिफोनची सोय केली. फोन करणाऱ्यांची आणि प्रत्यक्ष येणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. बाहेर वाट पाहणाऱ्यांना चहा देण्यास आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलण्यास काही साधे स्वयंसेवक होते. वराह यांच्या लक्षात आले, की कित्येक माणसे त्या स्वयंसेवकांजवळच मन मोकळे करून हलकी होतात आणि त्यांना भेटण्याची गरजही उरत नाही. १९५४ साली त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांच्याच हाती सोपविले. यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था वाढली. मोठी पदवी नसलेला माणूसही मन लावून ऐकेल तर जीव वाचवू शकतो, ही गोष्ट त्या चहाच्या टेबलावर सिद्ध झाली.

आपल्या देशात १९८६ साली चेन्नई येथे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था याच धर्तीवर सुरू केली. पुण्यात २००५ साली ‘कनेक्टिंग’ संस्थेचे काम सुरू झाले. दोन्ही ठिकाणी शिकवून तयार केलेले स्वयंसेवक फोनवर लोकांचे ऐकून घेतात.

कायदा बदलला तो असा

१९८६ हेच साल दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचे आहे. मुंबई पोलीस दलातील एक शिपाई अपघातानंतर मानसिक आजाराने ग्रासला होता. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच्यावर ३०९ कलमाखाली खटला भरला गेला. त्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांच्यापुढे आले. ज्याला औषधोपचार हवा त्याला तुरुंग देणे घटनेला धरून नाही, असे ठरवून त्यांनी हे कलम रद्दबातल केले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तशाच अर्थाचा निकाल दिला. परंतु १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो फिरविला आणि कलम पुन्हा उभे राहिले.

पुढे संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा केला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे, त्याला शिक्षा करू नये, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी मानावी, असे त्याच्या ११५ व्या कलमात सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्यात जुने ३०९ कलम ठेवलेले नाही. पुण्यातील एका घराला १८६३ साली जे कळले होते, ते कायद्याच्या पुस्तकात उतरण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

कापसाच्या प्रदेशातील अनुभव

आपला खानदेश कापसाचा प्रदेश आहे. कर्ज, अवर्षण आणि पडलेला भाव यांनी शेतकऱ्याच्या घरात काय होते, हे आपणांस सांगावयास नको. शेजारच्या विदर्भात हे दुःख फार मोठे झाले. तेथे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा एक प्रयोग झाला. गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठविण्यात आले. उदास, खचलेल्या माणसांची ओळख पटविणे, त्यांच्याशी बोलणे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे हे त्यांचे काम. याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नैराश्याच्या रुग्णांपैकी पूर्वी शंभरात चार-पाच जणच मदत घेत असत. अवघ्या दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसपर्यंत गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाणही जवळजवळ निम्म्यावर आले. पीककर्जाचा प्रश्न या कार्यकर्त्यांच्या हाती नव्हता, तो शासनाचाच आहे. परंतु माणसाला एकटे पडू न देणे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले.

आपल्या घरातील परीक्षा

पालकहो, आता आपल्या मुलांविषयी. निकालाच्या दिवशी घराघरांत जे वातावरण असते ते आपण सारे जाणतो. शेजारच्या मुलाचे गुण विचारले जातात, नातेवाइकांचे फोन येतात, आणि नापास झालेला मुलगा गच्चीवर किंवा कोपऱ्यात एकटा असतो. तामिळनाडूत ‘स्नेहा’ने पाठपुरावा केल्यावर नापास मुलांसाठी लवकर पुरवणी परीक्षा सुरू झाली. आपल्या राज्यातही वर्ष वाया जाऊ नये म्हणून २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलै महिन्यात घेण्यास सुरुवात झाली. परीक्षा मंडळाने मुलाला दुसरी संधी दिली आहे. घराने ती द्यावयाची की नाही, हे मात्र अब्बा-अम्मीच्याच हाती आहे.

आत्महत्या आपल्या धर्मात निषिद्ध आहे, हे आपण मुलांना सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु खचलेल्या मुलाला केवळ निषेध ऐकविला, तर तो आपले मन आणखी झाकून घेतो. म्हणून आधी त्याला जवळ बसवावे. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारण्यास भिऊ नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे; उलट कोणीतरी विचारले म्हणून मन हलके होते. तो बोलू लागला की मध्येच उपदेश करू नये. धोका वाटत असेल तर त्याला एकटे सोडू नये, शेतीची औषधे कुलपात ठेवावीत आणि डॉक्टरांकडे न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतही, विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. विद्यार्थी मित्रांनो, वर्गातील एखादा सोबती गप्प गप्प राहू लागला, आपल्या आवडीच्या वस्तू वाटू लागला, निरोपाची भाषा बोलू लागला, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवू नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. ही चहाडी नव्हे, हीच दोस्ती.

गौरव कोणाचा करावयाचा?

जोतीरावांना ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या लोकांनी ‘महात्मा’ ही पदवी दिली. सावित्रीबाईंचे नाव पुणे विद्यापीठाला मिळाले ते २०१४ साली. त्यांच्या १८५६ सालच्या पत्रात ओझरता उल्लेख आला, म्हणून फातिमा ही त्यांची सहकारी आपणांस ठाऊक झाली. कोणीतरी चार ओळी लिहून ठेवल्या, म्हणून ही नावे टिकली.

आपल्या नशिराबादेतही असे हात असतीलच. रात्री उठून शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसणारे चाचा, रडत माहेरी आलेल्या लेकीला एक प्रश्नही न विचारता ताट वाढणारी खाला, नापास मुलाला दुसऱ्या दिवशी दुकानात कामाला बसवून पुन्हा पुस्तके घेऊन देणारे मामू, आपले कर्ज बाजूला ठेवून दुसऱ्या शेतकऱ्याची समजूत घालणारा शेतकरी. वाचलेल्यांची नावे कधीच छापू नयेत. त्यांची अब्रू ही अमानत आहे. परंतु वाचविणाऱ्यांची ओळख समाजाने ठेवली पाहिजे. १० सप्टेंबर हा दिवस २००३ पासून जगभर आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत एक तास या विषयाला द्यावा, गावातील आशाताईंना आणि दवाखान्यातील डॉक्टरांना बोलवावे, आणि अशा एखाद्या हाताचा मुलांसमोर सत्कार करावा. स्मरणिकेत पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे असतात, ती असावीतच. त्यांच्या शेजारी एक पान या लोकांसाठी ठेवता येईल. आपली मुले ते पान वाचतील, आणि उद्या कोणी रात्री त्यांचे दार ठोठावले तर काय करावयाचे हे त्यांना ठाऊक असेल.