सुईचे नेढे कोणाचे? शिलाई यंत्राच्या पेटंटयुद्धाची कथा

शिलाई मशीनची सुई एकदा निरखून पाहावी. हातशिलाईच्या सुईचे नेढे मागच्या बोथट बाजूस असते, मशीनच्या सुईचे मात्र अणीपाशी. एवढ्याशा फरकावरून १८५० च्या दशकात अमेरिकेत असा कज्जा पेटला की त्याला ‘शिलाई यंत्राचे युद्ध’ हेच नाव पडले. त्याविषयी हा थ्रेड. 🧵

आधी नेढ्याचे महत्त्व. माणसाचा हात सुई कापडातून पूर्ण आरपार ओढतो आणि पुन्हा वळवून घेतो. यंत्राला हे जमवणे अतिशय कठीण. नेढे अणीपाशी आणले, की सुईचे फक्त टोक कापडाखाली जाते, वर येताना दोऱ्याचा एक फास खाली सोडते, आणि त्या फासातून धोटा दुसरा दोरा ओढून नेतो. दोन्ही दोरे कापडाच्या आत एकमेकांत अडकतात. आज आपण जिला ‘टीप’ म्हणतो, ती हीच.

ही युक्ती न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट या कारागिराने १८३३-३४ च्या सुमारास प्रत्यक्षात उतरवली होती. पेटंट मात्र घेतले नाही. १८३८ मध्ये त्याने आपल्या मुलीला, कॅरोलिनला, या यंत्रावर कॉर्सेट शिवण्याचा धंदा सुचवला. हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायकांची रोजी बुडेल, म्हणून तिने नकार दिला. पुढे पेटंटच्या तंट्यात तिने स्वतःच तशी साक्ष दिली आहे.

तिची भीती अनाठायी नव्हती. फ्रान्समध्ये बार्थेलमी तिमोनिए याने १८३० मध्ये शिलाई यंत्राचे पेटंट घेतले आणि सैन्याचे गणवेश शिवणारा कारखाना काढला. १८३१ मध्ये संतप्त शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे फोडून टाकली.

इकडे मॅसॅच्युसेट्समधील एलियास हौ याने त्याच तत्त्वावर स्वतंत्रपणे यंत्र बनवले. १८४५ मध्ये बोस्टनच्या क्विन्सी हॉलमध्ये त्याने पाच शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांशी शर्यत लावली आणि जिंकली. १० सप्टेंबर १८४६ रोजी त्याला ४७५० क्रमांकाचे पेटंट मिळाले. गिऱ्हाईक मात्र मिळाले नाही. इंग्लंडमधील हक्क अवघ्या २५० पौंडांना गेले. तो स्वतः तिकडे नशीब काढायला गेला आणि १८४९ मध्ये कफल्लक होऊन परतला. पत्नी क्षयाने मरणपंथाला लागली होती.

परतल्यावर पाहतो तो बाजारात जिकडेतिकडे शिलाई यंत्रे, आणि त्यांत आपलीच सुई!

यांतला सर्वांत बडा प्रतिस्पर्धी आयझॅक मेरिट सिंगर. (आपल्याकडच्या ‘मेरिट’ मशीनचे नाव गुणवत्तेवरून आलेले वाटते खरे, पण ते या गृहस्थाचे मधले नाव.) हा मूळचा फिरता नट, विद्वत्तेशी फारसा संबंध नाही, पण यंत्राची नजर पक्की. त्याचे १८५१ चे यंत्र वापरायला कितीतरी सुलभ होते. हौने दावा ठोकताच सिंगर आणि त्याचा वकील-भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी वॉल्टर हंटला शोधून काढले. पहिला शोध हंटचा ठरला, की हौचे पेटंट आपोआप कोसळेल, असा हिशेब. हंटने १८५३ मध्ये अर्ज केला.

निर्णय मे १८५४ मध्ये आला. पेटंट आयुक्त चार्ल्स मेसन यांनी शोध हंटने आधी लावला हे मान्य केले. पण इतकी वर्षे गप्प बसून त्याने तो हक्क सोडून दिला, असेही ठरवले. मान हंटला, पेटंट हौला! कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच होते: शोध उघड करून सांगण्याच्या बदल्यात समाज मक्तेदारी देतो, आणि हंटने सांगितलेच नव्हते. सिंगरला १५,००० डॉलर मोजावे लागले.

तरीही भांडण मिटेना, कारण चांगल्या यंत्राला लागणारी पेटंटे एकाच्या हाती नव्हतीच. सुई हौची, कापड पुढे सरकवण्याची युक्ती दुसऱ्याची, आणखी काही तिसऱ्याचे. सगळेच एकमेकांवर दावे लावून बसले होते. १८५६ मध्ये ऑर्लँडो पॉटर या वकील-उद्योजकाने तोडगा सुचवला: पेटंटे एका सामाईक डबीत टाकावीत आणि प्रत्येक यंत्रामागे ठराविक शुल्क घ्यावे. सिंगर, व्हीलर अँड विल्सन, ग्रोव्हर अँड बेकर या तीन कंपन्या आणि एकटा हौ असा हा संघ. अमेरिकेतील पेटंट-संघांत हा अगदी आरंभीचा. यंत्रामागे १५ डॉलर शुल्क, त्यातले ५ हौचे. संघाबाहेरच्या कारखानदाराचा, आणि शेवटी गिऱ्हाईकाचा, खिसा त्यात चांगलाच कापला गेला. कारागिरांच्या इमानदारीपेक्षा वकिलांचे चातुर्य इथे जास्त दिसते. हा संघ १८७७ पर्यंत, शेवटची महत्त्वाची पेटंटे संपेपर्यंत, टिकला.

हौचे पेटंट सप्टेंबर १८६७ मध्ये संपले. तोवर तो लक्षाधीश झाला होता. पुढच्याच महिन्यात तो वारला.

आणि हंट? १८४९ मध्ये त्याने आणखी एका वस्तूचे पेटंट घेतले आणि किरकोळ देणे भागवण्यासाठी ते ४०० डॉलरला विकले, असे सांगितले जाते. ती वस्तू म्हणजे सेफ्टी पिन. आपल्याकडे बायकांच्या बांगड्यांत अडकवलेली असते तीच. १८५८ मध्ये सिंगरने त्याला ५०,००० डॉलर हप्त्यांनी देण्याचे कबूल केले. ती रक्कम हाती पडण्याआधीच, जून १८५९ मध्ये, हंटचा मृत्यू झाला. ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड स्मशानभूमीत त्याला पुरले. आठ वर्षांनी हौलाही तिथेच.