विष्ठा-संवर्धन (जंत-अळ्यांचे)

जनावरांच्या शेणातील किंवा लेंड्यांतील जंतांची अंडी प्रयोगशाळेत उबवून, निघालेल्या अळ्यांवरून जंताची जात ओळखण्याची पद्धत.

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या परिसरात, एकूणच विदर्भात, शेळीपालनाचा मोठा वैरी पावसाळ्यात बळावतो. शेळी मलूल होते, पापण्यांची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरते. संशय जातो हिमाँकस कॉन्टॉर्टसवर. चौथ्या पोटात राहणारा हा जंत रोज सुमारे ०.०५ मिली रक्त पितो, आणि मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते.

पण सूक्ष्मदर्शकाखाली हिमाँकस, ट्रायकोस्ट्रॉन्गायलस आणि इसोफॅगोस्टोमम या जंतांची अंडी जवळजवळ एकसारखीच दिसतात. अंडी मोजून जंतांचा भार कळतो, जात कळत नाही. म्हणून अळ्या वाढवायच्या.

नमुना जमिनीवरून उचलू नये, थेट गुदद्वारातून घ्यावा. नाहीतर मातीतले निरुपद्रवी सूत्रकृमी पाहुणे म्हणून येतात. नमुना फ्रीजमध्येही ठेवू नये: थंडीने हिमाँकसची अंडी मरतात आणि नेमका खरा गुन्हेगार निकालातून निसटतो. लेंड्या कुस्करून, फार ओल्या असतील तर कोळशाची पूड किंवा व्हर्मिक्युलाइट मिसळून, कोरड्या असतील तर पाणी शिंपडून, सैल झाकणाच्या बरणीत २५ ते २७ अंश सेल्सिअसला ७ ते १० दिवस ठेवतात. मिश्रण दमट हवे, चिखल नको. हवा खेळती नसेल तर बुरशी माजते.

तिसऱ्या अवस्थेला पोहोचलेल्या अळ्या वेगळ्या करायला बेअरमनचे उपकरण वापरतात. वैद्य बेअरमन यांनी ते १९१७ साली मातीतल्या अळ्यांसाठी बनवले. नरसाळ्याला रबरी नळी, तिला चिमटा, वर मलमलीत बांधलेला नमुना आणि कोमट पाणी, बस्स. अळ्या वळवळत पाण्यात येतात, पण वर पोहता येत नसल्याने तळाशी साचतात. रात्रभर तसेच ठेवून सकाळी चिमटा सैल करायचा, म्हणजे अळ्या बाहेर येतात.

आयोडीनचा थेंब टाकला की त्या मरतात आणि रंगतात. मग पाहायची ती शेपटीवरच्या आवरणाची लांबी: ट्रायकोस्ट्रॉन्गायलसची आखूड, हिमाँकसची मध्यम व थोडी वाकलेली, इसोफॅगोस्टोममची लांब, धाग्यासारखी. साधारण १०० अळ्या ओळखून टक्केवारी काढतात.

जंतनाशक पाजल्यानंतर १० ते १४ दिवसांनी हीच चाचणी पुन्हा केली, तर औषधाला दाद न देणारी जात कोणती, हेही कळते.