ऑरेंज काउंटीची नर्सिंगची वाट

न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला, साधारण शंभर किलोमीटरवर मिडलटाउन नावाचे गाव आहे. कातडी कमावण्याच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या वेब हॉर्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे एक दगडी प्रासाद उभारला. १९५० मध्ये त्याच्या तेव्हाच्या मालकीण ख्रिस्टीन मॉरिसन यांनी तो एका नव्या कॉलेजला देऊन टाकला आणि त्याच इमारतीत ऑरेंज काउंटी कम्युनिटी कॉलेज सुरू झाले. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजावा. न्यूयॉर्क राज्याने १९४८ मध्ये राज्य विद्यापीठ स्थापन केले आणि त्याच वेळी दोन वर्षांच्या कॉलेजांचा कायदाही केला. खर्चाचा एक वाटा राज्याने उचलायचा, एक काउंटीने आणि एक विद्यार्थ्यांच्या फीमधून यायचा, अशी ती योजना होती. या योजनेत काउंटीच्या पैशावर उभे राहिलेले पहिले कॉलेज हेच.

दोन वर्षांत पदवी. ती आपल्या बी.ए., बी.एस्सी.च्या अलीकडची, तिला तिथे असोसिएट डिग्री म्हणतात. राहायचे घरी, नोकरी सांभाळायची, जमेल तसे वर्ग करायचे. आज या कॉलेजात नर्सिंगबरोबर दंत-आरोग्य, क्ष-किरण तंत्रज्ञान, वैद्यकीय प्रयोगशाळा, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीतले साहाय्यक असे आरोग्यक्षेत्रातले बरेच अभ्यासक्रम चालतात. दंत-आरोग्याच्या विद्यार्थिनी कॉलेजच्याच दवाखान्यात गावातल्या लोकांचे दात साफ करून देतात. पण या घराण्यातला थोरला अभ्यासक्रम नर्सिंगचा. तो १९५२ चा. दोन वर्षांच्या कॉलेजात नर्सिंगची असोसिएट डिग्री देशात प्रथम आपण सुरू केली, असे हे कॉलेज अभिमानाने सांगते.

हा अभिमान कशाचा, हे समजायला त्याआधीची नर्स कशी तयार होत असे ते पाहावे लागते. अमेरिकेतल्या बहुतेक नर्सेस तेव्हा रुग्णालयांच्या शाळांमधून शिकत. तीन वर्षे रुग्णालयाच्या वसतिगृहात राहायचे, लग्न करायचे नाही आणि पहाटेपासून वॉर्डात राबायचे. शिकणाऱ्या मुली हेच रुग्णालयाचे स्वस्त मनुष्यबळ असे. वर्गातला तास आणि वॉर्डातली गरज यांत ओढाताण झाली की वॉर्ड जिंकायचा. हे नीट चाललेले नाही, असे १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने सांगितले होते आणि १९४८ मध्ये एस्थर ल्युसील ब्राऊन यांनी आपल्या अहवालात पुन्हा सांगितले. महायुद्ध संपल्यावर रुग्णालये वाढली, खाटा वाढल्या आणि नर्सेस अपुऱ्या पडू लागल्या. जुन्या शाळांतून त्या वेगाने तयार होणे शक्य नव्हते.

इथे मिल्ड्रेड मोंटॅग येतात. आयोवातल्या एका खेड्यात जन्मलेल्या या बाईंनी युद्धकाळात अडेल्फी कॉलेजात नर्सिंगचा विभाग उभा केला होता. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात त्यांनी प्रबंध लिहिला. तो १९५१ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. नर्सिंगचे काम सगळे एका पातळीचे नसते, रोजच्या शुश्रूषेचा मोठा भाग दोन वर्षांत नीट शिकवता येतो आणि तो रुग्णालयाने नव्हे, कॉलेजने शिकवावा, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी नाव न सांगणाऱ्या एका दात्याने पैसे दिले आणि जानेवारी १९५२ मध्ये पाच वर्षांचा प्रयोग सुरू झाला. सात कॉलेजे आणि एक रुग्णालय त्यात होते. त्यांपैकी काही म्हणजे मिशिगनमधले हेन्री फोर्ड, कॅलिफोर्नियातले पॅसाडिना, युटामधले वेबर आणि मिडलटाउनचे हे कॉलेज, जे तेव्हा अवघ्या दोन वर्षांचे होते. नव्या कॉलेजाने एवढी जोखीम घेणे मला फार मोलाचे वाटते. मोडायला परंपरा नव्हती हे खरेच, पण पाठीशी नावही नव्हते. प्रयोग फसला असता तर काउंटीच्या करदात्यांना तोंड द्यावे लागले असते.

बदल नेमका काय झाला? विद्यार्थिनी रुग्णालयाची नोकर राहिली नाही. वॉर्ड ही तिची प्रयोगशाळा झाली. आठवड्यातले ठरावीक दिवस तिने कॉलेजच्या शिक्षिकेबरोबर तिथे जायचे, शिकायला हवेत तेवढेच रुग्ण घ्यायचे, आणि काम संपल्यावर सगळ्यांनी एकत्र बसून आज काय पाहिले, काय चुकले, का चुकले हे बोलायचे. हे बसणे आजही सुटलेले नाही. विषयांची मांडणीही नव्याने झाली. डॉक्टरांच्या शाखांप्रमाणे तुकडे पाडण्याऐवजी प्राथमिक शुश्रूषा, माता-बालक, शारीरिक व मानसिक आजार असे मोठे गट केले गेले. बाकीच्या वेळी ती इतर विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून इंग्रजी, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. वसतिगृहाची अट गेली तशी लग्नाचीही गेली, आणि ज्यांना जुन्या शाळांनी दारातही उभे केले नसते अशा विवाहित बायका, मुलांच्या आया, चाळिशीतल्या विद्यार्थिनी आणि पुरुष हळूहळू आत आले. या पदवीने केलेले सर्वांत मोठे काम माझ्या मते हेच. नर्सेसचा तुटवडा भरून निघाला तो ओघाने.

परवान्याच्या परीक्षेत या मुली मागे पडल्या नाहीत. १९५८ नंतर केलॉग फाउंडेशनने न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, फ्लॉरिडा आणि टेक्सास या राज्यांत अशा अभ्यासक्रमांना मदत दिली. १९६४ च्या केंद्रीय कायद्याने नर्सिंगच्या शिक्षणाकडे सरकारी पैसा वळवला. वर्षभराने मेडिकेअर हा वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा आला आणि म्हाताऱ्या रुग्णांनी रुग्णालये भरली. सत्तरच्या दशकात दोन वर्षांच्या कॉलेजांनी रुग्णालयांच्या शाळांना मागे टाकले.

यशाबरोबर एक गाठही बसली. मोंटॅग यांच्या मनात ही नर्स म्हणजे तंत्रज्ञ होती. चार वर्षे शिकलेल्या नर्सच्या देखरेखीखाली काम करणारी. राज्यांनी मात्र दोघींना एकच परीक्षा आणि एकच परवाना दिला. वॉर्डात दोघींच्या नावापुढे तीच अक्षरे लागली. १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने जाहीर केले की व्यावसायिक नर्सला किमान चार वर्षांची पदवी हवी. तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे जीएनएम ही पदविका आणि बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी यांच्यात तेच चालते. पोस्ट बेसिक करून पदवी मिळवलेल्या सिस्टरना हे वेगळे सांगायला नको. नॉर्थ डकोटाने १९८७ मध्ये चार वर्षांची अट घातली आणि २००३ मध्ये मागे घेतली. त्याच २००३ मध्ये संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास छापला. ज्या रुग्णालयांत चार वर्षांची पदवी असलेल्या नर्सेसचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता पाच टक्क्यांनी कमी आढळली.

हा आकडा बाजूला सारता येत नाही, आणि सारूही नये. पण त्यातून दोन वर्षांचे दार बंद करावे असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या बाईला दोन लहान मुले आणि दुकानातली नोकरी सांभाळून शिकायचे आहे, तिला चार वर्षांच्या विद्यापीठाचा रस्ता मुळात उपलब्धच नसतो. तिला आधी परवाना, पगार आणि वॉर्डातली जागा मिळू द्या. पुढची पदवी ती नोकरी करता करता घेईल. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०१७ मध्ये हाच मध्यममार्ग कायद्यात आणला. यापुढे परवाना मिळवणाऱ्या नर्सने दहा वर्षांच्या आत चार वर्षांची पदवी पूर्ण करायची. आधीपासून काम करणाऱ्यांना आणि तेव्हा शिकत असलेल्यांना सूट दिली. पन्नास वर्षांच्या भांडणातून निघालेला हा तोडगा मला शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात पहिली पायरी काढून घेतलेली नाही.

मिडलटाउनच्या कॉलेजाचा पसारा दरम्यान वाढला. हडसन नदीच्या काठावरचे न्यूबर्ग हे काउंटीतले दुसरे मोठे गाव. एकेकाळी भरभराटीला आलेले, नंतर कारखाने गेल्याने खचलेले. तिथल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांतल्या मुलांना मिडलटाउन गाठणे सोपे नव्हते, म्हणून कॉलेज त्यांच्याकडे गेले. २०११ मध्ये तिथे कॅप्लान हॉल ही नवी इमारत उघडली. त्याच वर्षी मिडलटाउनच्या सीमेवर मोठे नवे रुग्णालयही सुरू झाले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे राज्य विद्यापीठाची सगळी कॉलेजे घरी बसून शिकवू लागली. नर्सिंगसाठी तो फार कठीण काळ होता, कारण रुग्णाची कूस कशी बदलायची हे पडद्यावर शिकवता येत नाही.

२०२५ च्या शरद सत्रापासून न्यूयॉर्क राज्याने २५ ते ५५ वयाच्या, आधीची कोणतीही पदवी नसलेल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजांतले काही अभ्यासक्रम मोफत केले आहेत. फी आणि पुस्तके दोन्ही. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांसाठीच ही योजना आहे, आणि नर्सिंग त्यात आहे.