अडसर, जागल्या आणि उघडी चौकट

नेवासे तालुक्यातील आमच्या आजोळच्या वाड्यात, ज्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असून दोन हात रुंद होत्या, दिवेलागणीनंतर थोरला दरवाजा लावण्याचा नित्याचा विधी असे: प्रथम सागवानी कवाडे कुरकुरत एकमेकांना भिडत, मग कडी कोयंड्यावर चढे, आणि अखेरीस भिंतीच्या पोटात दिवसभर दडून राहिलेला, मनगटाहून जाड असा बाभळीचा अडसर दोन्ही हातांनी ओढून समोरच्या भिंतीतील खोबणीत सारला जाई. त्या दाराला कुलूप मात्र मी कधी पाहिले नाही. अडसर आतूनच लावता येतो. म्हणजे घरात कोणीतरी आहे हे त्यात गृहीतच असते. कुलूप हे ओस पडलेल्या घराचे साधन आहे, आणि घरे ओस पडू लागली ती माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट धरू लागल्यावर. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागेस कुलपांचा कारखाना काढला, त्याच काळात गिरण्यांची धुराडी घाटावरची माणसे ओढून घेत होती, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

मग त्यापूर्वी नगर प्रांतातील रयतेच्या ऐवजाची राखण कोण करी? पेशवाई बुडाल्यावर, १८१९ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. पाटलाच्या हाताखाली गावोगाव जागल्या असे. तो कुठे महार, कुठे रामोशी, कुठे भिल्ल, तर कुठे कोळी. रात्रीची गस्त घालणे, गावात आला-गेला कोण याची वास्तपुस्त ठेवणे आणि प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असणे ही त्याची कामे होती. परंतु या व्यवस्थेचा खरा कणा म्हणजे माग. चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढीत निघावे, तो माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरल्याचे तेथील जागल्याला पटवून द्यावे, आणि तसे पटले की पहिल्याची जबाबदारी संपून दुसऱ्याची सुरू व्हावी. माग गावातच विरला, तर जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे भरपाई करावी, आणि उरलेल्या रकमेची तोशीस प्रसंगी साऱ्या गावावर पडावी. अशी भरपाई वसूल करण्यात पुष्कळदा अन्याय होई हे एल्फिन्स्टनलाही दिसत होते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्याचे घर फुटले त्याला ‘तू दार नीट का लावले नाहीस’ असे विचारण्याऐवजी ‘माग कुठवर गेला’ असे जागल्याला विचारण्याची ही रीत मला आजही अत्यंत मोलाची वाटते.

पुढे इंग्रजी अमलात, १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटील-जागल्यांची ही कामे सरकारी चौकटीत बसवली गेली आणि शिवेवरची जुनी जोखीम हळूहळू लोपली. याहून दुःखाची गोष्ट अशी की, ज्या जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या गावे राखली, त्यांतील रामोशांसारख्या कित्येकांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मजात चोराचा शिक्का मारला, आणि तो शिक्का कायद्याच्या दफ्तरातून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. राखणदारालाच पोलिसांपुढे हजेरी लावायला बसवणाऱ्या राज्यात प्रत्येकाने आपापल्या दाराला कुलूप घातले, तर नवल कसले?

याच नेवासे तालुक्यात, सोनईच्या अलीकडे-पलीकडे विचारीत गेले की लागणाऱ्या शिंगणापुरात मात्र परंपरेने कुलूप तर नाहीच, पण अडसरही नाही. पानसनाल्याच्या पुरात एक काळी शिळा वाहत आली, गुराख्याने काठी टोचताच तिच्यातून रक्त आले, आणि शनिदेवाने स्वप्नात येऊन ‘मला छप्पर नको, राखण मी करीन’ असे सांगितले, अशी तेथील आख्यायिका आहे. साडेपाच फुटांच्या आसपासची ती शिळा आजही उघड्या चौथऱ्यावर ऊनपाऊस सोशीत उभी आहे. घरांना चौकट असते, उंबरठा असतो. चौकटीला बिजागऱ्यांची खूणही नसते. रात्री कुत्रे-मांजर आत शिरू नये म्हणून एखादी फळी चौकटीला नुसती टेकवून ठेवतात, आणि सकाळी ती उचलून भिंतीशी उभी करतात. जागल्याचे वतन येथे देवाकडे गेले, असे म्हणावे लागेल.

यूको बँकेने जानेवारी २०११ मध्ये येथे शाखा उघडली तेव्हा लोकभावनेचा मान राखून काचेचे दार बसवले, दिसेल असे कुलूप घातले नाही आणि रोकडीच्या बंदोबस्ताची तजवीज निराळी केली. त्याच्या आदल्या वर्षी बाहेरगावच्या एका भाविकाच्या वाहनातून पैसे व ऐवज गेल्याची फिर्याद झाली होती. ती चोरी गावाच्या हद्दीबाहेरची, असे ग्रामस्थांचे म्हणणे पडले. ते वाचताना मला एल्फिन्स्टनच्या अहवालातला, शिवेवर उभा राहून माग पुढच्या गावाच्या हवाली करणारा जागल्या आठवला. सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही आले.

आणि मग २०२५ साली जी चोरी उघडकीस आली, तिला उंबरठा ओलांडावाच लागला नाही. देवस्थानच्या नावाने बनावट ॲप तयार करून दूरदूरच्या भाविकांकडून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळले जात असल्याचा तो प्रकार होता. सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण विधानसभेत गाजले. ज्या भाविकाने घरबसल्या तेलाभिषेकासाठी पैसे पाठवले, त्याचे दार बंद होते की उघडे, याला आता काहीच अर्थ नव्हता.

या नव्या मुलखातही जबाबदारीचा जुना प्रश्न अगदीच विसरला गेलेला नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी असा नियम केला की, खात्यातून परस्पर पैसे गेले, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिऱ्हाइताकडचा ठरला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोशीस पडू नये. माग ज्याच्या शिवेत विरला त्याने भरून द्यावे, या न्यायाचा तो दूरचा वंशज आहे. परंतु शिंगणापूरच्या भाविकासारखे ज्याने फसून स्वतःच्या हातांनीच पैसे पाठवले, त्याला हा नियम आसरा देत नाही, आणि फसवले जाणारे बहुसंख्य लोक नेमके तसेच असतात. त्यांच्यासाठी उरतो तो सायबर फसवणुकीची फिर्याद देण्याचा १९३० हा दूरध्वनी क्रमांक. फिर्याद वेळेत पोचली, तर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात सरकत असताना वाटेतच अडवता येतो. उशीर झाला की तो कोठेतरी रोख निघून जातो.

आजोळी रानातले एक म्हातारे, ज्यांच्या वडिलांनी जागलकी केली होती, सांगत की माग काढायचा तो दव वाळण्याआधी. एकदा उन्हे वर आली आणि गुरे वाटेला लागली की पाऊल हरवते. म्हणून घर फुटल्याचे रात्री कधीही ध्यानात आले, तरी माणसे सकाळची वाट न पाहता कंदील घेऊन आधी त्यांच्या वडिलांच्या झोपडीशी जात.