वेष्टनावरची लक्ष्मी

सणासुदीच्या बाजारातील वादांकडे आपण बहुधा त्या त्या वर्षीची बातमी म्हणून पाहतो. जाहिरात झळकते, गदारोळ होतो, कंपनी ती मागे घेते आणि लक्ष्मीपूजनापर्यंत सारे विस्मरणात जाते. परंतु गेल्या दोन दशकांतील दोन वाद शेजारी ठेवून वाचले, तर त्यांतून एक न सुटलेला पेच समोर येतो. फटाक्याच्या वेष्टनावर लक्ष्मीचे चित्र असू नये, हा पहिला वाद. दिवाळीच्या दिवसांत विकल्या जाणाऱ्या मालावरून दिवाळीचे नाव आणि तिच्या खुणा गाळू नयेत, हा दुसरा. एकीकडे चिन्ह नको, दुसरीकडे चिन्ह हवेच. या दोन्ही मागण्या पुष्कळदा एकाच वर्तुळातून येतात, ही गोष्ट केवळ विसंगती म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तिचा उलगडा करण्यासाठी, मुळात देव वेष्टनावर आला कसा, येथून आरंभ करावा लागतो.

‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळेची स्थापना केली आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे मराठी घरांत पोचू लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी देवीचे रूप सामान्य माणसाच्या मनात जवळजवळ कायमचे ठरवून टाकले. त्याच काळात मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानात पाठवायच्या कापडाच्या ताग्यांवर हिंदू देवदेवतांची रंगीत लेबले चिकटवीत होत्या. म्हणजे देवघराच्या भिंतीवरचे चित्र आणि विलायती कापडावरचे चित्र ही एकाच तंत्राची, शिळाछापाची, अपत्ये होत. मूर्तीला प्राणप्रतिष्ठा लागते, तिचे विधिवत विसर्जन होते. छापील चित्राला यांतले काहीच नव्हते. त्याची पूजा करता येत होती, आणि त्याने मालही विकता येत होता. ही दुहेरी सोय होती तोवर कोणाला खटकली नाही. पुढच्या वादांचे मूळ मात्र तिच्यातच आहे.

फटाक्यांची कथा याच वाटेने जाते. तामिळनाडूतील शिवकाशीत १९२३ च्या सुमारास आगपेट्यांचा धंदा सुरू झाला, त्यातून फटाक्यांचा वाढला, आणि दोहोंना लेबले लागत म्हणून तेथेच छपाईचा मोठा व्यवसाय उभा राहिला. देवांची दिनदर्शिका आणि फटाक्याचे वेष्टन एकाच गावात छापले जाऊ लागले. ‘लक्ष्मी बॉम्ब’ हे नाव त्या व्यवहारातले. त्यामागे अवमानाचा हेतू शोधणे व्यर्थ होय. सण लक्ष्मीचा, म्हणून वेष्टनावर लक्ष्मी, इतका तो सरळ हिशेब होता.

या हिशेबाला महाराष्ट्रात संघटितपणे आक्षेप घेतला तो हिंदू जनजागृती समितीसारख्या संघटनांनी. ज्या देवीची रात्री पूजा करावयाची तिच्याच चित्राच्या चिंधड्या सकाळी रस्त्यावर पायदळी येतात, हा त्यांचा मुद्दा होता. श्रद्धावंताच्या जागी उभे राहून पाहिले तर तो पोकळ नाही. गंमत अशी की त्याच वर्षांत महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती शाळाशाळांतून फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम चालवीत होती. तिची कारणे प्रदूषण, अपघात आणि पैशाचा अपव्यय ही होती. एरवी एकमेकांच्या कट्टर विरोधात असणारे हे दोन पक्ष लक्ष्मी बॉम्ब वाजू नये, एवढ्यापुरते एकाच बाजूला होते. २०२० मध्ये हा वाद चित्रपटापर्यंत पोचला आणि ‘लक्ष्मी बॉम्ब’ या हिंदी चित्रपटाच्या नावातला ‘बॉम्ब’ प्रदर्शनापूर्वी गळाला.

दुसरा वाद याच सुमारास पेटला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘फॅबइंडिया’ने ‘जश्न-ए-रिवाज’ या नावाने एक वस्त्रसंग्रह जाहीर केला. दिवाळीला उर्दू नाव दिल्याचा आरोप झाला, बहिष्काराची हाक आली. हा आमचा दिवाळीसंग्रह नव्हेच, असा खुलासा करीत कंपनीने जाहिरात मागे घेतली. त्याच महिन्यात पुणेकर लेखिका शेफाली वैद्य यांनी ‘नो बिंदी, नो बिझनेस’ ही घोषणा दिली. दिवाळीच्या जाहिरातीतील स्त्रीच्या कपाळावर टिकली नसेल तर तो माल घेऊ नये, असा तिचा आशय. येथे तक्रार चिन्हाच्या अतिवापराची नव्हती, त्याच्या अनुपस्थितीची होती.

अशीच तक्रार अमेरिकेत आधी झालेली आहे. २००५ साली ‘अमेरिकन फॅमिली असोसिएशन’ने ‘टार्गेट’ या दुकानसाखळीवर बहिष्काराची हाक दिली. जाहिरातींतून ‘ख्रिसमस’ हा शब्द जाऊन मोघम सुट्ट्यांच्या शुभेच्छा आल्या, हा आक्षेप होता. पुढच्याच वर्षी ‘वॉलमार्ट’ने ख्रिसमसचे नाव परत आणले. नाताळाचे बाजारीकरण झाले अशी खंत धर्मगुरूंनी दीर्घकाळ व्यक्त केली होती. आता मात्र बाजाराने नाताळाचे नाव टाकले, ही खंत झाली. म्हणजे सणाच्या अस्तित्वाची साक्ष देण्याचे काम नकळत दुकानाकडे सोपविले गेले. आपल्याकडेही हेच घडले आहे.

पेच येथे आहे. वेष्टन ही वस्तू फाडण्यासाठीच जन्माला येते. फटाक्याचेच कशाला, मिठाईचा खोका, उदबत्तीचा पुडा, दिनदर्शिका, या साऱ्यांची अखेर केराच्या टोपलीत किंवा रद्दीत होते. देवीचे चित्र पायदळी येऊ नये हे तत्त्व शेवटपर्यंत न्यायचे म्हटले, तर बाजारातील प्रत्येक वेष्टनावरून देव उतरवावे लागतील. उरेल तो निव्वळ दिव्यांचा, फुलांचा, रंगांचा बाजार; आणि नेमक्या अशाच बाजाराबद्दल दुसऱ्या वादात तक्रार आहे. नाव असावे पण राख होऊ नये, ही भक्ताची इच्छा मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण वेष्टनाला ती पुरी करता येत नाही.

कायद्यानेही हा गुंता फारसा सुटत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ९ कोणत्याही समाजघटकाच्या धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाची नोंदणी नाकारते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उदबत्ती-धूपाच्या व्यवसायातील एका खटल्यात, ‘रामायण’ हे पवित्र ग्रंथाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून एकट्याच्या मालकीचे होऊ शकत नाही, असा निर्वाळा दिला. पवित्र नाव कोणा एका विक्रेत्याचे नाही, एवढे त्यातून ठरले. विक्रेत्याचे नाही म्हणून ते आमचे, असे म्हणणाऱ्याचा अधिकार मात्र त्याने सिद्ध होत नाही.

‘जश्न-ए-रिवाज’च्या वादात मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘रिवाज’ हा शब्द आपल्या ‘रीतिरिवाजा’त कधीचा नांदतो आहे. लक्ष्मीपूजनाला व्यापारी जी वही पूजतो तिच्या माथ्यावर ‘श्री’ असते, आणि खाली जमा, खर्च, बाकी, वसूल असा फारसीतून आलेल्या शब्दांचा मेळा असतो. हे शब्द काढून टाकण्याचा विचार नवा नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. विसाव्या शतकात माधव जूलियन यांनी आधी ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि नंतर भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. परंतु ते शब्दाला प्रतिशब्द सुचवीत होते. कोश हातात ठेवून चाललेला तो वाद होता आणि त्याचे उत्तरही कोशातून देता येत होते. बहिष्काराला असे उत्तर देता येत नाही. त्यापुढे माघार तेवढी घेता येते.

त्या माघारीची किंमत मुख्य कचेरीत मोजली जात नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘तनिष्क’च्या आंतरधर्मीय कुटुंबाच्या जाहिरातीवरून वाद झाला, तेव्हा माफीचा कागद लावावा लागला तो गुजरातेत गांधीधामच्या दुकानाच्या दारावर. जाहिरात त्या दुकानाने केलेली नव्हती. तेलंगणाच्या सीमेलगत, यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनसारख्या गावाचा विचार केला की हे अधिक स्पष्ट होते. येथल्या दुकानदाराची दिवाळी कापसाच्या पैशावर चालते. शिवकाशीचे वेष्टन आणि महानगरातली जाहिरात यांपैकी कशावरही त्याला बोलण्याचा अधिकार नाही. या सीमाप्रदेशात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी बोलली जाते. पलीकडे आदिलाबादेत राजगोंडांची दिवाळी दंडारी नाचाने साजरी होते. सणाच्या खऱ्या खुणा कोणत्या, हे एका घोषणेने ठरले की अशा प्रदेशातली कितीतरी दिवाळी त्या यादीबाहेर राहते.

सणाचे नाव आणि बाजार यांचा वेगळा संबंध असू शकतो, याचे उदाहरण आपल्या वाङ्मयातच आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना समोर होता असे मानले जाते. परक्या सणाची व्यापारी रीत उचलून तिला आपल्या सणाचे नाव दिले गेले, आणि त्यातून मराठीची एक परंपरा उभी राहिली. दिवाळी अंकात देव असला काय, नसला काय, त्याच्या दिवाळीपणाविषयी कोणी शंका घेतली नाही. जाहिरातींवरच तो जगला, आणि वर्ष सरता सरता रद्दीतही गेला. दिवाळी हे नाव शंभराहून अधिक वर्षे त्याने निःसंकोच वापरले आहे, त्यासाठी कोणाची परवानगी त्याला घ्यावी लागली नाही.