पडळ, पडदा आणि दृष्टिपटल : एका रोगाच्या नामकरणाचा इतिहास

रोगाचे नाव म्हणजे त्या काळी वैद्यास काय दिसले व काय मोजता आले याची नोंद असते. उच्च रक्तदाबामुळे दृष्टिपटलास होणारी इजा हे याचे उत्तम उदाहरण होय.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक सिद्ध केला आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातील रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येऊ लागल्या. १८५९ मध्ये लीब्राइख यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांतील दृष्टिपटलविकाराचे वर्णन केले, व लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिनावरून त्यास नाव पडले. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे रीवा-रोत्ची यांचे उपकरण मात्र १८९६ मधले, आणि कोरोत्कोव्ह यांची श्रवणपद्धती १९०५ मधली. परिणाम आधी दिसला, कारण मागाहून मोजले गेले. दरम्यान सारा दोष मूत्रपिंडाच्या नावे लिहिला गेला. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर व बार्कर यांनी या विकाराच्या चार श्रेणी ठरवून त्यांचा रुग्णाच्या आयुर्मानाशी संबंध दाखविला.

विकाराची प्रक्रिया अशी : वाढलेल्या दाबाने सूक्ष्म रोहिण्या प्रथम आकुंचन पावतात, पुढे त्यांच्या भिंती जाड व कठीण होतात. अशी रोहिणी नीलेला ओलांडते तेथे ती नीलेस दाबते. ही खूण गन यांनी १८९२ मध्ये नोंदविली. दाब फार वाढल्यास वाहिन्यांतून रक्त व द्रव पाझरतात, मज्जातंतूंचा रक्तपुरवठा तुटून कापसासारखे ठिपके उमटतात, आणि अखेरीस नेत्रमज्जेचे टोक सुजते. यांपैकी बऱ्याच अवस्थांत रुग्णास नीट दिसत असते.

आता मराठीकडे वळू. संस्कृत ‘पटल’ प्राकृतातून मराठीत ‘पडळ’ झाला. सुश्रुतसंहितेत नेत्राची पटले व त्यांत शिरणारे तिमिर यांचा विचार आहे. बोलीत मात्र ‘पडळ’ म्हणजे डोळ्यावर बाहेरून आलेले आवरण. ‘पडदा’ हा शब्द फारसी. उच्चारसाम्य असले तरी दोहोंचे मूळ भिन्न. तथापि अर्थाने ते एकमेकांत मिसळले, आणि ‘डोळ्याचा पडदा’ हे रेटिनाचे बोलीतील नाव ठरले. लॅटिन शब्दातील जाळ्याचा अर्थ घेऊन ‘जालपटल’, तर कार्यावरून ‘दृष्टिपटल’ असे ग्रांथिक प्रतिशब्द घडले. सातारा जिल्ह्यातील वाई येथून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, अशा संस्कृतोद्भव परिभाषेस प्रतिष्ठा दिली.

या शब्दभेदास व्यवहारात महत्त्व आहे. मिरजेत वानलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उघडले. मिरज ज्या जिल्ह्यात येते तो १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून निर्माण झाला व १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे ‘डोळ्यावर आलेले काढले की दिसते’ हा अनुभव अशा रुग्णालयांनी सर्वसामान्यांच्या ओळखीचा केला. ‘पडदा खराब झाला’ हे वाक्य त्या अनुभवाच्या आधारे ऐकणारा रुग्ण शस्त्रक्रियेची वाट पाहतो. वास्तविक येथे काढावयाचे काहीच नसते, रक्तदाब आटोक्यात आणावयाचा असतो. त्यातच ‘त्यांना रक्तदाब आहे’ या प्रयोगाने प्रत्येक देहातील दाबाचे नाव रोगालाच मिळाले आहे.

म्हणून परिभाषाकाराने ग्रांथिक प्रतिशब्द देऊन थांबू नये. ‘आतला पडदा’ आणि ‘वरचे पडळ’ हा भेद बोलीतच उपलब्ध आहे. तो कोशात नोंदवून वैद्यांच्या हाती द्यावा. दृष्टी शाबूत असतानाच तपासणीस येणे रुग्णास पटावयाचे, तर हा भेद त्यास त्याच्याच शब्दांत कळला पाहिजे.