सॉननफेल्ड, बॅरी

(१ एप्रिल १९५३ – ). अमेरिकन छायालेखक व विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक. जन्म न्यूयॉर्क येथे. न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपटशिक्षण. ‘ब्लड सिंपल’पासून (१९८४) कोएन बंधूंच्या (पहा : कोएन बंधू) पहिल्या तीन चित्रपटांचे छायालेखन त्यांनी केले. ‘ब्लड सिंपल’मध्ये कॅमेरा लाकडी फळीवर बसवून, फळीची दोन टोके धरून धावत काही दृश्ये टिपली आहेत. ‘बिग’ (१९८८), ‘व्हेन हॅरी मेट सॅली...’ (१९८९) व ‘मिझरी’ (१९९०) यांचेही छायालेखक तेच.

‘द ॲडम्स फॅमिली’ (१९९१) हा दिग्दर्शनातील पहिला चित्रपट. पुढे ‘गेट शॉर्टी’ (१९९५), ‘मेन इन ब्लॅक’ (१९९७) व त्याचे दोन उत्तरभाग (२००२, २०१२). ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ला (१९९९) मात्र समीक्षकांनी झोडपले.

त्यांच्या चित्रपटांत विशालकोनी भिंग (पहा : भिंग) चेहऱ्याच्या अगदी जवळ नेल्याने नाक-डोळे किंचित फुगतात, मागची खोली मात्र स्पष्ट दिसत राहते. नट निर्विकार, चौकट विक्षिप्त. विनोद बव्हंशी या विसंगतीतून साधतो. छायालेखकाची ही सवय दिग्दर्शनातही टिकली. ‘पुशिंग डेझीज’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या दिग्दर्शनासाठी त्यांना २००८ मध्ये एमी पुरस्कार मिळाला.